दिवाळखोरीचे दप्तर : शेवटच्या नोंदीपर्यंत वाचण्याची गरज



ज्या ग्रंथपालबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना एक सवय लावली. ऐकीव माहितीवर मत द्यायचे नाही. आधी मूळ कागद काढायचा, तो शेवटपर्यंत वाचायचा आणि मगच बोलायचे. मी त्यांच्याच वाचनालयात वाढले. पुढे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, हिशेबनिसाचे काम करताना माझा एका दप्तराशी वरचेवर संबंध आला आणि तिथे बाईंची ही शिस्त मला फार उपयोगी पडली. ते दप्तर म्हणजे दिवाळखोरी न्यायालयाचे.

आज मी त्याविषयी बोलणार आहे. जागा एकच धरते, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही : मिशिगनची वेन काउंटी. डेट्रॉइट शहर याच काउंटीत आहे. मोटारउद्योगामुळे या भागात मराठी कुटुंबेही बरीच स्थिरावली. वेन काउंटीतली कँटन टाउनशिप, शेजारच्या ओकलंड काउंटीतली ट्रॉय आणि नोव्हाय ही नावे तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात मुलाबाळांचे पत्ते म्हणून परिचयाची असतील.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकते. दिवाळखोरीची नोंद सर्वांना खुली ठेवली जाते ती कर्जमुक्ती चोख झाली की नाही हे कोणालाही तपासता यावे म्हणून. कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणणे हा तिचा हेतू नाही. आणि समाजाने तपासण्याचा हक्क घेतला, तर पूर्ण वाचण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. अर्धवट वाचलेली नोंद ही अफवेपेक्षा घातक असते, कारण तिच्यावर न्यायालयाचा शिक्का असतो.

आता पहिला प्रश्न : ही नोंद शोधायची कुठे? बहुतेक माणसे काउंटीच्या कचेरीत जातात आणि तिथून रिकाम्या हाताने परततात. घराचे खरेदीखत, गहाणखत, घरावरचा बोजा हे सगळे वेन काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे असते. घटस्फोट किंवा वसुलीचे दावे राज्याच्या न्यायालयांत चालतात. दिवाळखोरी मात्र काउंटीचा विषय नाही आणि राज्याचाही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने पहिल्याच कलमात, आठव्या विभागात, दिवाळखोरीचे सर्व देशाला सारखे लागू होणारे कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला. १८००, १८४१ आणि १८६७ साली झालेले कायदे फार काळ टिकले नाहीत. १८९८ चा कायदा मात्र टिकला आणि त्याची जागा १९७८ च्या संहितेने घेतली. तीच संहिता, २००५ च्या मोठ्या दुरुस्तीसह, आज चालू आहे.

म्हणून वेन काउंटीतल्या माणसाची दिवाळखोरीची फाइल संघराज्याच्या न्यायालयात असते. देशात असे ९४ न्यायिक जिल्हे आहेत. मिशिगनमध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन. पूर्व जिल्ह्याचे दिवाळखोरी न्यायालय डेट्रॉइट, फ्लिंट आणि बे सिटी अशा तीन ठिकाणी बसते, आणि वेन काउंटीचे काम डेट्रॉइटला, वेस्ट फोर्ट स्ट्रीटवरच्या इमारतीत चालते. एवढे कळले की निम्मी पायपीट वाचते.

तिथवर पोचण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला फोनचा. न्यायालयांची एक स्वयंचलित दूरध्वनी सेवा आहे. नाव किंवा प्रकरणाचा क्रमांक दिला की प्रकरण कोणत्या तारखेला दाखल झाले, कोणत्या प्रकारचे आहे, आज कोणत्या टप्प्यावर आहे एवढी माहिती ती फुकट सांगते. दुसरा मार्ग प्रत्यक्ष जाण्याचा. न्यायालयाच्या क्लार्कच्या कार्यालयात लोकांसाठी संगणक ठेवलेले असतात. त्यावर कागद वाचायला पैसे पडत नाहीत, छापून घ्यायचा असेल तर पानाला १० सेंट पडतात. तिसरा मार्ग घरबसल्या : पेसर नावाची संघराज्य न्यायालयांची संगणकीय व्यवस्था. खाते उघडायचे, नाव शोधायचे, कागद उतरवून घ्यायचा. इथेही पानाला १० सेंट. एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर. तीन महिन्यांत ३० डॉलर किंवा त्याहून कमी खर्च झाला तर काहीच आकारत नाहीत. न्यायाधीशांची निकालपत्रे तर सरळ मोफत आहेत. जुनी कागदी प्रकरणे संघराज्याच्या अभिलेख केंद्रांत किंवा राष्ट्रीय अभिलेखागारात गेलेली असतात. ती मागवायची तर आधी क्लार्ककडून त्या खोक्याचा क्रमांक घ्यावा लागतो.

मराठी नावे शोधताना एक अडचण हमखास येते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. तिकडच्या अर्जात ते कधी पूर्ण येते, कधी एका अक्षरावर येते, कधी गळूनच जाते. लग्नानंतर आडनाव बदललेले असते, आणि एकच आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारांनी लिहिले जाते. अर्जदाराने मागच्या आठ वर्षांत वापरलेली सर्व नावे अर्जात द्यावी लागतात. ती रांग जरूर पाहावी. आणि नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे समजू नये. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि पत्ता जुळल्याशिवाय पुढचे पान उलटू नये. एकाच नावाची दोन माणसे एकाच काउंटीत राहतात, आणि एकाच्या कर्जाचा डाग दुसऱ्याला लागतो, हे मी पाहिले आहे.

आता फाइल उघडू. मी कोणा खऱ्या माणसाचे प्रकरण इथे मांडणार नाही. अशा फायलींचा जो ठरीव साचा असतो तोच समोर ठेवते. सुरुवातीला डॉकेट, म्हणजे प्रकरणाचा रोजनामा. माथ्यावर क्रमांक : पहिले दोन आकडे वर्षाचे, मग अनुक्रमांक, मग न्यायाधीशांची आद्याक्षरे. शेजारी चॅप्टर, म्हणजे संहितेचा कोणता अध्याय लागू आहे तो, लिहिलेला असतो, आणि प्रकरणाचे सगळे रूप त्यावर ठरते. चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टी नेमला जातो. कायद्याने राखून दिलेल्या वस्तू सोडून काही उरत असेल तर तो ते विकून घेणेकऱ्यांना वाटतो. बहुतेक घरगुती प्रकरणांत विकण्याजोगे काही उरतच नाही. चॅप्टर १३ मध्ये नोकरदार माणूस तीन ते पाच वर्षे हप्ते भरून शक्य तेवढे फेडतो आणि मुख्यतः आपले घर वाचवतो. चॅप्टर ११ प्रामुख्याने उद्योगांसाठी. चॅप्टर ९ नगरपालिकांसाठी, आणि त्यावर मी पुढे येणारच आहे.

डॉकेटच्या खाली एकेका दिवसाची नोंद असते. अर्ज दाखल झाला. दाखल होताक्षणी वसुली आपोआप थांबली : घेणेकऱ्याने फोन करायचा नाही, पगारावर टाच आणायची नाही, घराचा लिलाव पुढे रेटायचा नाही. कर्ज-समुपदेशनाचे प्रमाणपत्र जोडले. घेणेकऱ्यांना नोटिसा गेल्या. मग संहितेच्या ३४१ व्या कलमाखालची सभा. तिथे ट्रस्टी अर्जदाराला शपथेवर प्रश्न विचारतो आणि घेणेकऱ्यांनाही विचारता येतात. न्यायाधीशांना मात्र त्या सभेला हजर राहण्याची मनाई आहे, कारण पुढे वाद उभा राहिला तर निवाडा त्यांनाच करायचा असतो.

रोजनाम्यानंतर येतात शेड्यूल, म्हणजे तपशिलाचे तक्ते, आणि इथे खरे आयुष्य दिसू लागते. पहिल्या तक्त्यात मालमत्ता. घर, गाडी इथपर्यंत ठीक, पण पुढे तो तक्ता घरातल्या भांड्याकुंड्यांपर्यंत जातो. कपडे लिहा. दागिने लिहा, त्यात लग्नातली अंगठी आली, वडिलोपार्जित दागिना आला, म्हणजे आपल्या घरातले मंगळसूत्रही आले. पाळलेला कुत्रा लिहा. खिशातली रोकड लिहा. कोणी तुमचे देणे लागत असेल तर तेही लिहा. पुढच्या तक्त्यात यातले काय कायद्याने राखून मागता ते सांगा. मग तारण असलेली कर्जे, मग विनातारण कर्जे, मग सहकर्जदार. शेवटी दोन तक्ते : महिन्याची मिळकत आणि महिन्याचा खर्च. खर्चाच्या तक्त्यात भाडे, वीज, पाणी, अन्न, औषधे, मुलांचे शिक्षण, देणगी या सगळ्यांच्या ओळी असतात. तळाशी वजाबाकी करून एक आकडा येतो, महिन्याकाठी हातात काय उरते तो. कित्येक फायलींत तो शून्याखाली असतो. दिवाळखोर म्हणजे उधळ्या, अशी ज्याची समजूत असेल त्याने औषधांची ओळ आणि ही वजाबाकी एकदा शेजारी ठेवून पाहावी.

त्यानंतर आर्थिक व्यवहारांचे निवेदन. हा कागद मागे वळून पाहतो. मागच्या ९० दिवसांत कोणत्या घेणेकऱ्याला ६०० डॉलर किंवा अधिक दिलेत? मागच्या वर्षभरात नातेवाइकांना देण्यापोटी काय दिलेत? दोन वर्षांत कोणाला ६०० डॉलरपेक्षा अधिक किमतीची भेट दिलीत? कोणती मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केलीत? हे प्रश्न आपल्या माणसांना फार अडचणीचे वाटतात. अडीअडचणीला मेहुण्याकडून हातउसने घेतलेले असतात, आणि बुडायच्या आधी निदान त्याचे तरी फेडू या, असा आपला स्वभाव. कायद्याला हे मान्य नाही. त्याच्या दृष्टीने मेहुणा आणि बँक, दोघेही घेणेकरीच. एकाला चोरून पुढे काढले तर ट्रस्टी ती रक्कम मेहुण्याकडून परत मागू शकतो.

तिथल्या मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवायची आणखी एक गोष्ट. संहितेनुसार अर्जदाराची मालमत्ता म्हणजे ती जगात जिथे असेल तिथली. नाशिकचा फ्लॅट, गावच्या सातबाऱ्यावरचा हिस्सा, आईबरोबरच्या संयुक्त खात्यातली ठेव, हे सगळे लिहायचे असते. ‘ते तर भारतात आहे, त्याचा इथे काय संबंध?’ असे म्हणून ते गाळणारा माणूस शपथेवर खोटे बोलत असतो. तक्त्यांच्या सहीपत्रकावरच शिक्षा छापलेली आहे : अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, २० वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्यांची मुले तिकडे आहेत त्या आईवडिलांनी हे ऐकून ठेवावे. मालमत्तेच्या कागदावर मुलाचे नाव घातले असेल तर ती मालमत्ता तिकडच्या शपथपत्रातही यावी लागते.

आता सर्वांत जास्त चुका होतात त्या जागी येते. प्रकरणाचा शेवट कसा झाला? शेवटच्या दोन नोंदी वरवर सारख्या दिसतात आणि अर्थाने अगदी उलट असतात. डिस्चार्ज म्हणजे न्यायालयाने कर्जदाराची वैयक्तिक जबाबदारी संपवली, त्या कर्जासाठी कोणी पुन्हा त्याच्या मागे लागायचे नाही. डिसमिस म्हणजे प्रकरण निकालात न जाता बंद झाले, कर्ज जसेच्या तसे कायम. कागद वेळेवर दिले नाहीत, हप्ते थकले, फी भरली नाही, अशा कारणांनी डिसमिस होते. तिसरीही शक्यता असते : प्रकरण बंद झाले पण डिस्चार्ज मिळालाच नाही, कारण अर्जानंतरच्या आर्थिक शिक्षणाचे प्रमाणपत्र जोडायचे राहून गेले. नुसते ‘बंद’ एवढे वाचून थांबणारा माणूस या तिन्हींत फरक करू शकत नाही.

डिस्चार्ज मिळाला तरी सगळे पुसले जात नाही. मुलांच्या पोटगीचे देणे राहते, अनेक प्रकारचे कर राहतात, आणि शैक्षणिक कर्ज विशेष त्रास सिद्ध केल्याशिवाय सुटत नाही. घरावरचा बोजाही सहसा राहतो. माणूस सुटला तरी घर गहाणच असते. म्हणून वेन काउंटीत घर घेणाऱ्याने दिवाळखोरी न्यायालयाची नोंद आणि रजिस्टर ऑफ डीड्सची नोंद, दोन्ही पाहायला हव्यात. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

कर्जाच्या आकड्यांचेही तसेच. तक्त्यातला आकडा कर्जदाराने सांगितलेला असतो. घेणेकरी आपला दावा वेगळ्या पत्रकाने दाखल करतो आणि तो दाव्यांच्या नोंदवहीत जातो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कोण किती देणे लागतो ते कळत नाही. कर्जापुढे ‘वादग्रस्त’ या चौकटीत खूण असेल तर ते कर्ज कर्जदाराला मान्यच नाही असे समजायचे. घेणेकऱ्यांच्या यादीत एखाद्या दवाखान्याचे किंवा दुकानदाराचे नाव आहे एवढ्यावरून त्या दोघांपैकी कोणाची लबाडी ठरत नाही.

अशी एकेका घराची फाइल वाचता आली की मोठी फाइलही वाचता येते. वेन काउंटीने अमेरिकेतली सर्वांत मोठी नगरपालिका-दिवाळखोरी पाहिली आहे. १८ जुलै २०१३ रोजी दुपारी चारच्या सुमारास डेट्रॉइट शहराने चॅप्टर ९ खाली अर्ज केला. क्रमांक १३-५३८४६. कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलर, घेणेकरी एक लाखाहून अधिक. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर तेव्हा सात लाखांच्या आसपास आले होते. कर भरणारे गेले, निवृत्तिवेतनाचे आणि कर्जरोख्यांचे देणे राहिले. त्याच दिवशी लॅन्सिंग या मिशिगनच्या राजधानीत, राज्याच्या न्यायालयात, निवृत्तांचे वकील हा अर्ज रोखायचा आदेश मागत होते. शहराने काही मिनिटांच्या फरकाने त्यांना मागे टाकले. अर्ज संघराज्याच्या न्यायालयात पडला आणि खेळपट्टीच बदलली. न्यायालय कोणाचे, या प्रश्नावर मी मघाशी एवढा वेळ का घालवला ते यावरून लक्षात येईल.

या फाइलमध्ये नामांकित वकिलांचे शेकडो पानांचे युक्तिवाद आहेत, आणि त्यांच्याच रांगेत, त्याच पद्धतीने क्रमांक पडलेले, साध्या नागरिकांचे हरकतीचे कागद आहेत. काही हाताने लिहिलेले. शहराच्या नोकरीत आयुष्य घालवलेली माणसे लिहितात की माझे निवृत्तिवेतन इतके, औषधांचा खर्च इतका, यातून आणखी काय कापणार? न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये अशा वकील नसलेल्या हरकतदारांना बोलावून भर न्यायालयात त्यांचे म्हणणे ऐकले. ३ डिसेंबर २०१३ रोजी त्यांनी शहराला दिवाळखोरीस पात्र ठरवले. त्याच निर्णयात, शहराने घेणेकऱ्यांशी प्रामाणिकपणे वाटाघाटी केल्या नव्हत्या, असेही त्यांनी नोंदवले. मात्र एवढ्या घेणेकऱ्यांशी वाटाघाटी व्यवहार्यच नव्हत्या, म्हणून अर्ज टिकला. मिशिगनच्या राज्यघटनेने निवृत्तिवेतनाला दिलेले संरक्षण संघराज्याच्या दिवाळखोरी कायद्यापुढे अपुरे ठरते, हेही त्यांनी सांगितले. ज्याला फक्त ‘डेट्रॉइट हरले’ किंवा ‘निवृत्त हरले’ एवढेच ऐकायचे आहे त्याला हा निर्णय कळणार नाही. तो पूर्ण वाचावा लागतो.

शेवट असा झाला. धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि डेट्रॉइटचे कलासंग्रहालय यांनी मिळून २० वर्षांत ८१ कोटी ६० लाख डॉलर उभे करायचे ठरवले, म्हणजे संग्रहालयातली चित्रे विकावी लागणार नाहीत आणि निवृत्तांचे नुकसान कमी होईल. सर्वसाधारण निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मूळ निवृत्तिवेतनात साडेचार टक्के कपात झाली आणि महागाईनुसार होणारी वाढ गेली. पोलीस व अग्निशमन दलाच्या निवृत्तांचे मूळ निवृत्तिवेतन राहिले, वार्षिक वाढ कमी झाली. ७ नोव्हेंबर २०१४ रोजी योजना मंजूर झाली आणि १० डिसेंबरला शहर दिवाळखोरीतून बाहेर आले. कोणी किती सोसले याचा प्रत्येक आकडा आजही त्या फाइलमध्ये आहे आणि तुम्ही-आम्ही तो वाचू शकतो. सार्वजनिक नोंदीचा यापेक्षा मोठा उपयोग मला माहीत नाही. ज्या निवृत्त माणसाने हरकत लिहिली, त्याच्या नातवाला आजोबांचे म्हणणे न्यायालयाच्या दप्तरात त्यांच्याच शब्दांत सापडेल.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. संहितेचे १०७ वे कलम सांगते की दिवाळखोरी प्रकरणात दाखल झालेला कागद ही सार्वजनिक नोंद आहे आणि ती वाजवी वेळी कोणालाही मोफत पाहता आली पाहिजे. व्यापारी गुपिते, बदनामीकारक मजकूर आणि ज्यातून कोणाची ओळख चोरली जाईल असा तपशील यांना अपवाद आहे. नियमांनुसार सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे आणि खातेक्रमांकाचे शेवटचे चार आकडे, जन्माचे फक्त वर्ष आणि अज्ञान मुलाची फक्त आद्याक्षरे एवढेच कागदावर राहू द्यायचे असते. अर्जदाराला आपल्या घरातला कुत्रासुद्धा जाहीर करावा लागतो, त्यामुळे ही काळजी फार मोलाची आहे.

कलम मोफत म्हणते आणि घरून पाहिले तर पानाला पैसे पडतात. या विसंगतीवर अमेरिकेत बराच झगडा झाला आणि त्यात ग्रंथालयांचा वाटा आहे. २००७ च्या अखेरीस १७ ग्रंथालयांत पेसर प्रयोगादाखल मोफत दिले गेले. आरॉन स्वार्ट्झ या तरुण संगणकतज्ज्ञाने त्या सोयीतून सुमारे २७ लाख दस्तऐवज उतरवून घेतले, आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये प्रयोगच थांबवण्यात आला. स्वार्ट्झची चौकशी झाली, गुन्हा मात्र दाखल झाला नाही. त्या कागदांची तपासणी खुल्या सार्वजनिक नोंदींचे पुरस्कर्ते कार्ल मॅलमूड यांनी केली, तेव्हा झाकायला हवे असलेले खासगी क्रमांक उघडेच राहिलेले आढळले आणि ती बाब न्यायालयांपुढे गेली. म्हणजे कागद खुले झाले म्हणूनच गोपनीयतेतला ढिसाळपणा उघडकीस आला. पुढे २०१६ मध्ये तीन सेवाभावी संस्थांनी जादा शुल्काबद्दल सरकारवर दावा केला आणि २०२४ मध्ये साडेबारा कोटी डॉलरची तडजोड जिल्हा न्यायालयाने मान्य केली. माझे मत स्पष्ट आहे : पानाचे १० सेंट कंपन्यांना जड नाहीत, ते संशोधक, पत्रकार आणि स्वतःची फाइल पाहू इच्छिणारा कर्जदार यांना जड आहेत. ते शुल्क जायला हवे.

खुल्या नोंदीचा दुरुपयोगही होतो. खासगी कंपन्या या नोंदी गोळा करून विकतात. त्यांच्या यादीत अर्जाची तारीख असते, पण पुढे काय झाले ते पुष्कळदा नसते. पतअहवालात दिवाळखोरी १० वर्षांपर्यंत दिसू शकते. मात्र केवळ त्या कारणाने नोकरीवरून काढायला कायद्याने मनाई आहे आणि सरकारी कार्यालयाला परवाना नाकारता येत नाही. कायदा माणसाला पुन्हा उभे राहू देतो. निम्मी नोंद वाचणारा शेजारी त्याला बसवून ठेवतो.

हे सगळे आपल्यापासून दूरचे वाटेल. तसे ते नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. त्या उठावात माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर रोख होता. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, त्यात काय लिहिले आहे हे त्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते आणि कोणी वाचून दाखवत नव्हते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने खतांची गावच्या निबंधकाकडे नोंदणी, भरलेल्या रकमेची पावती आणि हिशेबाचा उतारा या गोष्टी आणल्या, शेतकऱ्याच्या दिवाळखोरीचीही तरतूद केली. कर्जाचा कागद कर्जदाराला दिसला पाहिजे, हे तत्त्व आपल्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी एवढी किंमत मोजून रुजले.

आज आपल्याकडे २०१६ ची दिवाळखोरी संहिता आहे. कंपन्यांच्या बाबतीत ती जोरात चालते. व्यक्तींसाठीचा तिचा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. बाकी साध्या माणसासाठी १९०९ चा मुंबईसारख्या महानगरांचा आणि १९२० चा प्रांतांचा असे जुने नादारी कायदेच आहेत. कर्जाने पिचलेल्या शिक्षकाला, दुकानदाराला, शेतकऱ्याला न्यायालयात ताठ मानेने जाऊन, सगळे उघड मांडून, हिशेब संपवून बाहेर पडण्याची सोपी वाट अजून नाही. ती वाट हवी. आणि ती होईल तेव्हा तिचे दप्तर पहिल्या दिवसापासून खुले, मोफत आणि मराठीत वाचता येईल असे हवे, खासगी तपशील झाकलेले हवेत. ही मागणी आतापासून करायला हवी, कारण कायदा झाल्यावर दप्तराची आठवण कोणाला राहत नाही.

शेवटी तुम्हाला एक विनंती. कधीही कोणाच्या नावापुढे दिवाळखोर असे लिहिलेले तुमच्या हाती आले, मग ते विवाहाच्या चौकशीत असो, भाडेकरू ठेवताना असो, धंद्यातल्या भागीदाराबद्दल असो, तर पाच गोष्टी पाहा : माणूस तोच आहे का, चॅप्टर कोणता, प्रकरण किती वर्षांपूर्वीचे, कर्ज कशाचे, आणि शेवटची नोंद काय. या पाचांची उत्तरे हाती नसतील तर त्या माणसाविषयी बोलू नका. आणि उत्तरे मिळाली, त्याला डिस्चार्ज मिळालेला दिसला, तर एवढे जाणा की त्याने आपले सगळे घर शपथेवर उघडे केले, न्यायालयाने ते तपासले आणि त्याला मोकळे केले. न्यायालयाने संपवलेला हिशेब पुन्हा उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही.